व्रांगबेकचा कांदा

स्वेनबोर्ग,
रविवार, ८ ऑक्टोबर

प्रिय एस्किल,

तुझी तब्येत उत्तम आहे असं धरून चालते. स्वीडनमध्ये आजारी पडायलाही आधी वेळ घ्यावी लागते असं ऐकलंय, तेव्हा काही असतंच तर तू अजून रांगेत असतास. इकडे आई आणि मी ठीक. सफरचंदं यंदा इतकी आलीत की शेजारी एकमेकांच्या दारात पिशव्या ठेवून पळून जातात. काल सकाळी माझ्या दारात दोन होत्या. दुपारी त्या मी पुढच्या गल्लीत सोडून आले.

कागदावर लिहितेय, कारण फोन तू उचलत नाहीस आणि निरोपाला उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवतोस. अंगठ्याशी माणूस किती बोलणार?

मुद्द्याचं आधी सांगते. ११ नोव्हेंबरला, शनिवारी, आई ऐंशी पूर्ण करतेय. तू यायचंस. मालमोहून इथे यायला मोजून दोन पूल लागतात. समुद्रानं काही तुझं वाकडं केलेलं नाही, आणि त्यावर पूल बांधून झालेत. झेंडे, ब्रुन्सविगरचा केक, खारवलेला हेरिंग मासा, दुपारीच लाल झालेले म्हातारे, सगळं असणार. वाढदिवसाचं गाणं रचणं अर्थातच माझ्या गळ्यात पडलंय. वीस कडवी झालीत, त्यातली अठरा आईच्या स्वभावावर आहेत. तू आलास तर दोन तुझ्यावर करीन, म्हणजे तिला जरा श्वास घेता येईल.

समारंभ जुन्या घरी नाही. आई घर सोडतेय. टेकडीवरच्या वृद्धनिवासात तिला खोली मिळालीय, खिडकीतून खाडी दिसते. कारण विचारशील तर जिने. तिसऱ्या मजल्यावर आता चढवत नाही, असं ती सगळ्यांना सांगते. गेल्या आठवड्यात बटाट्यांची पिशवी घेऊन ती माझ्याआधी वर पोचली होती, पण ते असो.

एक गोष्ट तुला कळवायची नाही असं तिनं मला बजावलंय. म्हणून ती मी कळवत नाहीये. दिव्याबद्दल लिहिते.

कांदा, म्हणजे तिच्या टेबलावरचा तो दिवा, अर्थातच तिच्याबरोबर जाणार. वृद्धनिवासाच्या मुख्य बाई, मेरेते, फार गोड आहेत. इतक्या गोड की त्यांना नकार देता येत नाही, त्या तो स्वतःच देतात. "आमच्याकडे लटकते दिवे नसतात हं," त्या म्हणाल्या, "माझ्या मुलींच्या डोक्याला लागतात."

आई म्हणाली, "खाली टेबल ठेवलं की कुणाच्या डोक्याला लागत नाही. टेबलावरून चालत जाणाऱ्या मुली तुम्ही ठेवल्या असतील तर गोष्ट वेगळी."

"पण गुद्रून, छतावर चांगले दिवे बसवलेलेच आहेत."

"हो, बघितले. त्यांच्याखाली तुम्हीही उद्या मेल्यासारख्या दिसता."

मेरेतेबाईंनी आरशाकडे पाहिलं. दिव्याला परवानगी मिळाली. टेबल खाली असेपर्यंत दिवा, टेबल हललं की दिवा उतरवायचा, असं ठरलं. तीन वेळा कॉफी झाली त्यासाठी. या देशात युद्ध पुकारायचं असतं तरी इतकीच कॉफी लागली असती.

तुला हे सगळं विनोदी वाटेल. पण दिवा न काढता घर सोडणारी माणसं तू आपल्यात पाहिलीस का कधी? आपण दारं सोडतो, चूल सोडतो, नवरेसुद्धा सोडतो (मी सोडला). दिवा मात्र काखेत मारून निघतो आणि मागे छतातून दोन वायरी लोंबत ठेवतो. येणाऱ्यानं त्याचा आणावा.

तो दिवा घडवणाऱ्या आर्किटेक्ट व्रांगबेकसाहेबांची गोष्ट तुला पाठ आहे. तरी पुन्हा लिहिते. एक तर ती मला आवडते. शिवाय, या माणसाबद्दल माझ्या तोंडून वाईट शब्द निघत नाही, आणि विनोदी लेख लिहिण्याच्या माझ्या धंद्यात असा माणूस सापडणं दुर्मिळ.

आई त्यांच्या कचेरीत टंकलेखनाला लागली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. सगळ्यांनी एका टेबलाशी बसून डबा खायचा, आर्किटेक्टसाहेबांनीसुद्धा. तो काही समतेचा जिव्हाळा नव्हता. टेबलावर रोज नवा दिवा टांगलेला असायचा, आणि खाली बसलेले सहा जण हे त्यांचे प्रयोगाचे उंदीर होते. आज काचेचा एक थर, उद्या दोन, परवा आतली बाजू घासून मंद केलेली. दिवा कसा वाटला, हे त्यांनी कधी विचारलं नाही. जेवण झालं की ते विचारायचे, "गुद्रूननं मघाशी ते वाक्य बोलताना तोंड कसं केलं होतं?" कुणाला सांगता आलं नाही तर दिवा बाद. जेवताना कुणी दिव्याविषयी चकार शब्द काढला, कौतुकाचासुद्धा, तरी बाद. "दिवा दिसला म्हणजे माणूस दिसला नाही," म्हणायचे, आणि काचभट्टीवाल्यांना पुन्हा फोन.

भट्टीवाले त्यांना शिव्या देत. एकदा साहेबांनी थर बोटभर उतरवायला सांगितला, कारण बुटक्या हिशेबनिसाला टोकावर बसून बल्ब दिसत होता. भट्टीचा मालक म्हणाला, "त्यापेक्षा त्याला उशी द्या ना!" साहेब म्हणाले, "देशात बुटके बरेच आहेत. उशा तुम्ही पुरवणार?"

दीड वर्ष हे चाललं. मग एका दुपारी आईनं तिच्या काकाचं डुक्कर पाद्र्याच्या सायकलमागे धावलं ती हकिकत सांगितली. ती सांगताना ती दोघांची तोंडं करते, डुकराचं आणि पाद्र्याचं, आणि त्यात फरक फार कमी असतो. सगळे पोट धरून हसले. हसता हसता जेवण संपलं, डबे बंद झाले, कुणी वर पाहिलंच नाही. आर्किटेक्टसाहेब उठले, म्हणाले, "झाला," आणि सायकल काढून घरी गेले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो दिवा उतरवून आईच्या टेबलावर ठेवला. दुधाळ काचेच्या तीन पाकळ्या एकात एक. कचेरीतल्या कुणीतरी तेव्हाच त्याला कांदा म्हटलं, आणि देशानं तेच नाव उचललं.

आणि आता बघ. कुणी बघू नये म्हणून केलेला हा दिवा संग्रहालयात काचेच्या पेटीत टांगलाय, खाली टेबल नाही, माणूस नाही, आणि लोक मान वाकडी करून त्याचे फोटो काढतात. साहेब जिवंत असते तर पेटी फोडून त्याच्याखाली डबा खायला बसले असते.

पंचाहत्तरीची गोष्टही तुला पाठ आहे. ती मात्र मला लिहायची नव्हती. पण ती टाळून तुला बोलावणं म्हणजे हत्तीला चादर घालून सोफा म्हणण्यासारखं.

आई केस करायला गेली असताना तू तिचा कांदा उतरवलास आणि मालमोच्या दुकानात तू विकतोस ती स्वस्तातली नक्कल वर चढवलीस. कॉफीच्या वेळी सगळ्यांसमोर सांगणार होतास: बघा, तीन तास खाली बसलात, कुणाला कळलं? मला तू आधी सांगितलं होतंस, आणि मला तर ती कल्पना फारच आवडली होती. पाहुण्यांना खरंच कळलं नाही. मलाही कळलं नसतं. आईनं सूपचा चमचा उचलला, तुझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, "एस्किल, तुझा बल्ब दिसतोय."

सगळे हसले. ती तिथे थांबली असती तर चाललं असतं, पण आपल्या घरात थांबतं कोण? "आर्किटेक्टसाहेबांनी हा कचेरीच्या जिन्यातही लावला नसता," ती म्हणाली.

तू उठलास. "आई, माझा दिवा घेणाऱ्यांनाही चेहरे असतात," म्हणालास, कोट घेतलास, आणि गेलास.

मी उत्तरं देऊन पोट भरते. तुझ्या त्या वाक्याला अजून उत्तर सापडलेलं नाही. बहुधा आईलाही नाही. म्हणून तिनं तुला फोन केला नाही, आणि तू तिचाच मुलगा, म्हणून तू तिला केला नाहीस.

तू ये. यंदाच ये. पुढच्या वर्षी एक्याऐंशी, त्याला कुणी केकसुद्धा करत नाही.

तुझ्या उत्तराची (शब्दांतल्या, अंगठ्यातल्या नव्हे) वाट बघणारी,
तुझी ताई
विबेके


स्वेनबोर्ग,
सोमवार, ३० ऑक्टोबर

एस्किल,

तुझं कार्ड मिळालं. पुढे मालमोची ती पीळ घातलेली इमारत, मागे एक शब्द: "बघतो." एवढ्या एका शब्दाला तिकीट लावून पाठवलंस म्हणून आभार.

आता माझं ऐक, आणि या वेळी विनोद शोधू नकोस. मला सवय आहे, म्हणून अधेमधे येतील.

शनिवारी आईला हलवलं. खोकी सगळी केळ्यांची, नेहमीप्रमाणे, बाजारातून फुकट आणलेली. कांदा मी स्वतः उतरवला, प्रत्येक पाकळी वेगळी गुंडाळली, माझेच जुने लेख छापलेल्या कागदात. त्यांचा कुणाला तरी आधार झाला. वृद्धनिवासात विजेचं काम करणारा माणूस वाट बघत होता. मी खोकं त्याच्या हाती देऊन आईचे कपडे आणायला खाली गेले.

वर आले तेव्हा दिवा लागला होता. टेबलापासून साठ सेंटिमीटरवर, आईनं सांगितला तसा. ती खाली बसली होती, टेबलावर दोन्ही हात पसरून, भाजायला ठेवल्यासारखे. मेरेतेबाई समोर होत्या.

"विबेके, बस," आई म्हणाली. "बघ खोली कशी झाली. कुठेही टांगा, साहेबांचा उजेड तो साहेबांचाच."

मी बसले, आणि मला बल्ब दिसला.

चुकीचं खोकं उचललं होतं मी. गाडी येईपर्यंत कांद्याचं खोकं मी तळघरात ठेवलं होतं, आणि तिथे खोकी दोन होती, दोन्ही केळ्यांची. दुसऱ्यात तुझा दिवा होता. हो, तो तिनं ठेवला होता. फेकून दिला असेल असं तुलाही वाटलं असेल, मलाही. तिच्या लग्नातल्या टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेला होता तो. घाईत मी खोकं उघडून पाहिलंच नाही, आणि विजेच्या माणसाला कांद्या-कांद्यातला फरक काय कळणार.

बल्ब माझ्या डोळ्यात टोचत होता. उजेड निळसर, मेरेतेबाई शिळ्या दुधासारख्या दिसत होत्या. आणि आई, जिनं पन्नास पाहुण्यांत एका चमच्यात तुला पकडलं होतं, ती प्रसन्न चेहऱ्यानं म्हणत होती, "बघा मेरेते, तुम्हीसुद्धा आता माणसासारख्या दिसताय."

मी वर आणलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले. घड्या आणि मी, तू मानणार नाहीस.

जी गोष्ट कळवायची नव्हती ती ही. तिची दृष्टी चाललीय. मधली. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत जातो, कडेकडेचं तेवढं राहतं. वसंतात डॉक्टरांनी सांगितलं, ऑगस्टमध्ये तिनं मला सांगितलं, आणि सांगताना हात धरून शपथ घ्यायला लावली: "एस्किलला नाही. मला तो हवाय, त्याची कीव नको. आंधळ्या आईसाठी आला तर मला कळणारच नाही तो कुणासाठी आला." मी समजत होते, वाचता येत नाही एवढंच झालंय. शब्दकोडी बंद झाली होती, माझा लेख ती मलाच वाचून दाखवायला सांगत होती. चेहऱ्यांपर्यंत ते आलंय हे मला शनिवारी, तुझ्या दिव्याखाली, कळलं.

मेरेतेबाई गेल्यावर मी म्हटलं, "आई, हा तुझा कांदा नाही. खोकी बदलली. हा एस्किलचा आहे."

मग तिनं हात वर करून काचेच्या कडेवरून बोट फिरवलं. "हो की," म्हणाली. "कड जाड आहे. मूर्खानं थर आखूड केलाय."

"उद्या बदलून घेते."

"का?"

"बल्ब दिसतो, आई."

"तुला दिसतो. मला नाही दिसत. माझं मधलं सगळं गेलंय, आणि ह्या दिव्याचं जे काही चुकलंय ते नेमकं मधेच आहे." आणि ती हसली, एस्किल. डुक्कर आणि पाद्र्याच्या वेळी हसते तशी. मीही हसले, मग रडले. ती म्हणाली, "नाक पूस, टेबलक्लॉथ चांगला आहे."

मग ती बोलली ते तुला जसंच्या तसं लिहिते. माझा धंदा लोकांच्या तोंडी वाक्यं घालायचा, पण इथे मी काही घातलेलं नाही.

"साहेबांनी तो दिवा शाळांसाठी काढला होता, ठाऊक आहे का तुला? खेड्यातल्या शाळांच्या जेवणघरांसाठी. स्वस्त हवा होता त्यांना. भट्टीवाल्यांशी भांडले, थर पातळ करून पाहिले, काही जमलं नाही. तीन थर म्हटले की तीन थरांचे पैसे. शेवटी तो घेतला वकिलांनी आणि दातांच्या डॉक्टरांनी. त्या दिवशी ते इतके खट्टू झाले होते की डबासुद्धा खाल्ला नाही. आणि हा आपला, मालमोत बसून, शिकणाऱ्या पोरींना न् दुसऱ्या लग्नाच्या जोडप्यांना दिवे विकतो. वाईट विकतो, पण विकतो. मी त्याला सगळ्यांसमोर बोलले. तो चेहऱ्यांचं म्हणाला तेव्हा मला साहेबच आठवले. पण तोपर्यंत तो जिन्यात होता, आणि माझ्या तोंडात सूप होतं."

मी विचारलं, "मग फोन का नाही केलास?"

"कारण मी बरोबर होते," ती म्हणाली. "बल्ब दिसत होता."

हे आपलं घर. आपण सगळे बरोबर असतो, म्हणून एका टेबलाशी कुणी नसतो.

दिवा तुझाच राहिलाय. काढू देत नाही. वाढदिवसाला त्याच्याखाली सगळ्यांना बसवणार म्हणते, "दिसू देत त्यांना बल्ब, मला काय."

डॉक्टर म्हणतात, काही महिने. मग कडाही जरा धूसर होतील. पूर्ण अंधार नाही होणार, ती चालेल, फिरेल, मेरेतेबाईंना छळेल. पण तोंडं ओळखणं, कोण हसलं, कोणी ओठ चावला, हे जाईल. आणि साहेबांच्या त्या टेबलाशी बसायला लागल्यापासून तिनं उभ्या आयुष्यात दुसरं काही पाहिलेलं नाही. चर्च पाहिलं तर पाद्र्याचं तोंड. समुद्र पाहिला तर त्याच्याकडे बघणारे आपण. तू पहिल्यांदा सायकलवरून पडलास ते तिला आठवत नाही. पडायच्या आधी तुझं तोंड कसं झालं होतं, ते ती अजून करून दाखवते.

तुझ्या तोंडाचं शेवटचं जे तिच्याकडे आहे ते जिन्याकडे वळतानाचं. मला ते तिच्याजवळ राहू द्यायचं नाही. म्हणून मी शपथ मोडतेय. तिला कळलं तर ती माझ्याशी बोलणार नाही, आणि मग आपण तिघं खऱ्या अर्थानं एक कुटुंब होऊ.

तिला सांगू नकोस की तुला कळलंय. केकसाठी आलो म्हण. दिव्याविषयी भांडायला आलो म्हण, ते तिला जास्त आवडेल. दुपारी लवकर ये. उजेड चारनंतर जातो, आणि पाहुणे आल्यावर तुला जागा मिळणार नाही. टेबलाच्या तिच्याच बाजूला, तिच्याकडे तोंड करून बस, जवळ, गुडघे लागतील इतका जवळ.

एवढं मात्र आधी सांगते, नाहीतर तू पुन्हा कोट घेशील. तू समोर बसलास की ती तुझ्याकडे बघणार नाही. मान जराशी वळवेल, तुझ्या कानापलीकडे, खिडकीकडे किंवा भिंतीकडे बघत राहील. तुला वाटेल, अजून राग आहे, तोंड फिरवलंय. तसं नाही. सरळ पाहिलं की तिच्यासाठी तू नसतोस. बाजूला पाहते तेव्हाच तू दिसतोस. ती भिंतीकडे बघून गप्प झाली की समज, ती तुला बघतेय.

तेव्हा हलू नकोस. बोलूसुद्धा नकोस. तिला हवं तितका वेळ बघू दे.

शनिवारी, तुझी जागा धरून बसणारी,
ताई